सुमे, तुझंच खरं होतं की काय?

सुमे,

रागावली असशील, रागाव. दिवाळीला पण फोन नाही केला मी. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू, ते जाऊ दे. घरात सांगावं तर म्हणतील या वयात आईला काय एकेक सुचतं, म्हणून तुला लिहितेय.

भाची लहान मुलांच्या आयसीयूत डॉक्टर आहे ना, तिने पकडलं, मावशी येऊन जरा गुणगुण. मला वाटलं यमन गायचा नि घरी यायचं. कसलं काय! तान नाही, मुरकी नाही, मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत, एकच साधी ओळ, तीही मुलाच्या श्वासाच्या लयीत, आधी त्याच्याबरोबर चालायचं मग हळूहळू आपण लय उतरवायची, जमलं तर मूल मागे येतं. आणि आवाज अगदी बेताचा. नवजात बाळांच्या आयसीयूत ४५ डेसिबलच्या वर गोंगाट नको असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९७ मध्येच सांगितलंय म्हणे, इथे नुसत्या अलार्मनीच डोकं उठतं. आपल्या ग्वाल्हेरची आठ अंगांची अष्टांग गायकी घोटून शेवटी ही एक ओळ! हस, हस. आवाज गोड होतो म्हणून तानसेनच्या समाधीजवळची चिंचेची पानं तूच जास्त खाल्लीस, तुलाच बोलवायला हवं होतं.

मॉनिटरची ती टुंग टुंग असते ना, ऑक्सिजन उतरला की तिचा सूरही उतरतो, न बघता कळावं म्हणून. मला काय माहीत, मी त्यावरच सा धरला आणि मध्येच माझा सा खाली घसरला! पोराने बोटावरची क्लिप ओढली होती, बाकी काही नाही, पण मला घाम फुटला.

तर तेच पोर, तीन वर्षांचं, न्यूमोनिया, नाकात नळी. मी गाताना हार्ट रेट १५० वरून १३० वर आला आणि सुमे, मला चक्क दाद मिळाल्यासारखं वाटलं गं, समेवर लोक मान हलवतात ना तसं. भाची लगेच म्हणते, मावशी, औषधही चालू होतं हां. तरी तेव्हापासून माझी नजर पोरावर ठरतच नाही, त्या हिरव्या आकड्यावर. माधव कॉलेजच्या व्हरांड्यात तू म्हणालीस ना, तू गात नाहीस, समोरच्यांची तोंडं वाचतेस, आणि परीक्षा संपेपर्यंत आपण बोललो नाही. तेव्हा वाटलं तू जळतेस. अजूनही थोडं वाटतं, पण.

वर त्याची आई, भिंडकडची, वरच्या सुरांत साफ बेसूर, तिने गावाकडचं काहीतरी म्हटलं आणि पोरगं मुठी सैल सोडून झोपलं. भाचीने २०१३ चा अमेरिकेतला अभ्यास काढला, ११ हॉस्पिटलं, २७२ अपुऱ्या दिवसांची बाळं, त्यातही आईबापांच्या आवडीचं गाणं अंगाईसारखं गायचे म्हणे. मग आता तिला गाऊ देते, मी खाली नुसता ‘आ’ लावून सूर धरते, तिचा सूर सुटला तर सुटू दे. ओठ चावून बसते, तुला माहितेय मी कशी आहे.

मॉनिटरकडे पाठ करून बसते म्हटलं तर भाची म्हणते, मग मुलाला झेपतंय का नाही कसं कळणार, काही मुलं गाण्यानेही बावरतात, तेव्हा थांबावं लागतं, आकडा बघायलाच हवा. म्हणजे बघायचं पण दाद म्हणून नाही! हे कसं करायचं सांग, तू आयुष्यभर डोळे मिटून गायलीस.

लेकीचं ठरलं का? भावजींचं मोतीबिंदू झालं? गजक पाठवतेय, पत्ता तोच ना? मंगळवारी दुपारी फोन नको करूस, आत मोबाइल बंद असतो.

तुझी,
कुंदा