जॉन बुल उर्मट नव्हे, हिशेबाला कच्चा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशांचं रूप म्हणून उभ्या राहिलेल्या काल्पनिक माणसांवर आपल्या रविवार पुरवणीत लेखमाला सुरू झाली आहे. ती मी आवडीनं वाचतो. इंग्लंडचं रूप मानल्या गेलेल्या जॉन बुलवरचा लेख वाचताना मात्र हातातला चहा गार झाला. लेखकानं त्याला ‘साम्राज्याचा उर्मट चेहरा’ असं एका वाक्यात निकालात काढलं आहे आणि सोबतच्या चित्रात त्याच्या हाती चाबूक दिला आहे. या माणसाचं खातं मी जरा आतून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

माझा अधिकार काय, असं कोणी विचारील. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. एकतीस वर्षं बँकेत शाखांची तपासणी केली. लोकांची कर्जखाती उलगडून कोणी कुठे न वाचता सही केली हे शोधणं, हा माझा धंदा. निवृत्तीनंतर जुनी इंग्रजी पुस्तकं वाचायचा नाद लागला आणि त्यात जॉन बुलची मूळ कथा हाती आली. ती वाचताना मला लेखात भेटलेला उर्मट साहेब दिसेना. दिसला तो माझा एक जुना खातेदार.

आधी मूळ कथा. जॉन बुल जन्मला 1712 साली, जॉन आर्बथनॉट यांच्या लेखणीतून. मार्च ते जुलै या काळात एकामागून एक पाच पुस्तिका निघाल्या. पहिलीच्या नावाचा अर्थ ‘कायदा म्हणजे बिनतळाची विहीर’ असा काहीसा होतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण म्हणतो तेच.

या कथेत जॉन बुल राजा नाही की सरदार नाही, कापडाचा व्यापारी आहे. लॉर्ड स्ट्रट हे त्याचं मोठं गिऱ्हाईक, म्हणजे स्पेन. तो वारतो आणि इस्टेट जाते तरुण फिलिप बबूनकडे. फिलिपचा आजा लुई बबून, म्हणजे फ्रान्सचा चौदावा लुई. लुईच्या बूर्बाँ राजघराण्याच्या नावाचं आर्बथनॉट यांनी सरळ माकड करून टाकलं आहे. आता नवा मालक सगळं कापड आजोबांच्या दुकानातून घेणार, या धास्तीनं जॉन आणि त्याचा भागीदार निक फ्रॉग कोर्टात जातात. (हा बेडूक म्हणजे डच माणूस. पुढे इंग्रज फ्रेंचांना बेडूक म्हणू लागले, तेव्हा हे बिरूद तिकडे गेलं.) खटला म्हणजे स्पेनच्या गादीवरून पेटलेलं युद्ध आणि वकील हम्फ्री होकस म्हणजे सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो.

खटला लवकर आटपेल, अशा भरवशावर सुरू होतो आणि वर्षानुवर्षं चालतो. मधे दोन-चार निकाल बाजूनं लागतात, तर जॉन इतका खूश होतो की दुकान बंद करून आपणच वकील व्हावं असं त्याच्या मनात येतं. मी इथे पुस्तक मिटून मोठ्यानं हसलो. एक दावा जिंकला की पुढच्या तारखेला स्वतःच उलटतपासणी घेण्याची स्वप्नं पाहणारी माणसं मी पाहिली आहेत.

मग येतो माझा सर्वांत आवडता प्रसंग. पहिली बायको वारलेली आहे (तिचं आणि वकिलाचं सूत होतं, पण तो विषय वेगळा) आणि दुसरी घरात आली आहे. ती म्हणते, जरा बिलं तरी बाहेर काढा. बिलं निघतात. ती इतकी लांबलचक की दुकानातल्या मोठ्यात मोठ्या कापडाच्या गठ्ठ्याशी माप जुळेल. वरच्या न्यायाधीशांची फी, खालच्यांची फी, कारकून, मदतनीस कारकून, साक्षीदार, पंच, पुकारा करणारे, दारावरचे. नोंदणीचे, नकलांचे, जामिनांचे, जबाबांचे पैसे. आणि त्यापुढे लॅटिन शब्दांची रांग. आणि जॉन काय म्हणतो? केवढे विद्वान शब्द आहेत या कायद्यात, किती सुंदर शास्त्र आहे हे! बायको शांतपणे सांगते, या सुंदर शब्दांतल्या एकेका अक्षराचे पैसे तुम्ही मोजलेत.

महोदय, बिल पाहून त्यातल्या शब्दांचं कौतुक करणारा हा माणूस उर्मट कसा?

आर्बथनॉट यांनी त्याचा स्वभावच सांगून ठेवला आहे. मनानं सरळ, व्यवहारात सचोटीचा, पण तापट आणि लहरी. सोटा घ्या नाहीतर तलवार, कोणाला भिणारा नाही. जवळच्या मित्रांशीच आधी भांडणार, त्यातून कोणी शहाणपण शिकवायला गेला तर हमखास. पण गोड बोलून त्याला लहान पोरासारखं कुठेही न्यावं. त्याचं मन हवामानावर चाले, हवादाबमापकातला पारा चढला की हा खुशीत आणि उतरला की हा गप्प. धंद्याची समज उत्तम, पण वह्या कधी उघडायचा नाही, म्हणून भागीदार, उमेदवार, नोकर सगळेच त्याला लुटायचे. खाण्यापिण्याचा आणि चार माणसं जमवण्याचा षोक, हात सैल.

आता माझा खातेदार. तोही कापडाचाच व्यापारी होता, हा निव्वळ योगायोग. तपासणीला गेलो की आधी बशीभर खाणं पुढे येई, मग हिशेब. धंद्यात तल्लख. कापड बोटांत धरून कुठल्या गिरणीचं ते सांगायचा. पण त्याच्या कपाटात मला एक चेकबुक सापडलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सह्या केलेलं आणि बाकी कोरं. भागीदाराला अडायला नको म्हणून, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. मी रागावलो तर तो माझ्यावरच चिडला आणि दहा मिनिटांनी पुन्हा चहा मागवला. पुढे काय झालं ते सांगत नाही, आपण ओळखलं असेलच.

लेखातली आणखी एक गोष्ट खटकली. जॉन बुल हे ‘इंग्रजांनी स्वतःचं केलेलं कौतुक’ असं त्यात म्हटलं आहे. आर्बथनॉट स्कॉटिश होते! इंग्लंड आणि स्कॉटलंड 1707 साली एक झाले, त्यानंतर पाचच वर्षांनी त्यांनी हे लिहिलं. ते राणी ॲनचे वैद्य आणि शिवाय गणिती. लंडनमधल्या 82 वर्षांच्या बाप्तिस्म्यांचे आकडे घेऊन दरवर्षी मुलगेच जास्त का जन्मतात, यावर त्यांनी निबंध लिहिला होता. अशा माणसानं जॉनचा दोष म्हणून ‘वह्या न पाहणं’ निवडावं, यात मला नवल वाटत नाही. आणि जॉनच्या घरात त्यांनी एक बहीणही ठेवली आहे, पेग, म्हणजे स्कॉटलंड. जॉनला सोनेरी सफरचंदं आणि पीच, पेगला रानातली आंबट फळं. जॉनची खोली दक्षिणेच्या उन्हात, पेग उत्तरेचं वारं खात माळ्यावर. आता हा माळा ज्याच्या ओळखीचा आहे तो लेखक जॉनचे पोवाडे गाईल का?

एक गोष्ट कबूल करायला हवी. हे लिखाण पक्षीय होतं. मार्लबरोला 1711 च्या अखेरीस पदावरून काढलं होतं, टोरी पक्षाच्या मंत्र्यांना तह हवा होता आणि पुस्तिकांनी त्यांची वाट मोकळी केली. तह 1713 मध्ये उट्रेख्टला झाला. पण प्रचारासाठी उभी केलेली पात्रं प्रचार संपला की विसरली जातात. हा राहिला.

तो राहिला, याचं कारण त्याच शतकाच्या अखेरच्या व्यंगचित्रांत दिसतं. जेम्स गिलरे यांचं 1795 चं एक चित्र आहे. पंतप्रधान पिट प्रचंड चक्कीचा दांडा फिरवतोय, वरून जॉन बुल आत दळला जातोय आणि खालून नाणी पडताहेत. ती गोळा करतोय युवराज, ज्याची कर्जं फेडायची आहेत. त्यांचंच 1798 चं दुसरं. नाईलच्या लढाईनंतर नेल्सन आणि बाकीचे दर्यावर्दी जॉनच्या ताटात फ्रेंच जहाजं वाढताहेत आणि हा तोंड भरलेलं असतानाच कुरकुरतोय, एवढं सगळं ठेवू कुठे! त्याच वर्षी रिचर्ड न्यूटन यांनी जे काढलं ते आपल्या कौटुंबिक वृत्तपत्रात वर्णायला संकोच वाटतो. थोडक्यात, भिंतीवर राजाची तसबीर आहे, जॉन तिच्याकडे पाठ करून पोटातला वारा मोकळा करतोय आणि पिट ओरडतोय, अरे जॉनी, हा राजद्रोह आहे! साम्राज्याचा उर्मट चेहरा म्हणे. हा कर भरून भरून वैतागलेला माणूस आहे.

त्याच देशाला ब्रिटानिया नावाची देवीही आहे, भाला-ढाल घेतलेली. 1672 साली ती तांब्याच्या नाण्यांवर येऊन बसली. फ्रान्सची मरियानही तशीच, नगरपालिकांच्या इमारतींत अर्धपुतळा होऊन उभी. दोघींबद्दल मला आदर आहे, पण दोघींचा स्वभाव काय, हे मला कोणी सांगावं. देवीला स्वभाव नसतो, काकाला असतो. नाण्यावर ब्रिटानिया आणि ती नाणी भरायला जॉन, अशी त्या घरातली वाटणी आहे.

तरीही आपले लेखक अगदीच चुकलेत असं नाही. एकोणिसाव्या शतकात ‘पंच’ साप्ताहिकानं त्याला युनियन जॅकचं जाकीट, बूट आणि ठेंगणी टोपी घालून पोक्त जमीनदार केलं. तो हळूहळू कमी फसू लागला आणि जास्त उपदेश करू लागला. 1915 च्या सैन्यभरतीच्या पोस्टरवर तर तो थेट बोट रोखून विचारतो, कोण आलेलं नाही, तू का? एकदा बोट रोखलं की विनोद संपला. स्वतःवर हसायला इंग्रजांना मग दुसरा माणूस लागला. व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांनी 1934 मध्ये कर्नल ब्लिंप हा फुगीर लष्करी म्हातारा काढला तो त्यासाठीच, असं मला वाटतं. आणि बाहेरच्यांचं काय? ज्यांच्या ताटातलं जॉनच्या ताटात गेलं, त्यांना त्याचा भोळेपणा कुठून दिसणार? त्यांना पोटच दिसणार. एवढं मी मान्य करतो. पण मग तसं लिहा की हा बाहेरून दिसलेला जॉन आहे.

आता या खात्यातली शेवटची नोंद, आणि ती मी तपासनीस म्हणून मिटक्या मारत लिहितोय. होरेशियो बॉटमली या खासदारानं 1906 साली ‘जॉन बुल’ याच नावाचं साप्ताहिक काढलं. ते धो धो खपलं. पहिल्या महायुद्धात त्यानं देशप्रेमाची भाषणं ठोकली आणि युद्ध संपल्यावर ‘व्हिक्टरी बाँड क्लब’ काढला. सरकारी रोखा पाच पौंडांचा, तो गरिबाला झेपत नाही, तर माझ्याकडे एकेक पौंड ठेवा, असा त्याचा बेत. लोकांनी ठेवले. हिशेब कोणी मागितला नाही, कारण माणूस गोड बोलत होता आणि नाव जॉन बुलचं होतं. 1922 मध्ये त्याला फसवणुकीबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी झाली. दोनशे दहा वर्षं आधी लिहून ठेवलेला स्वभाव असा तंतोतंत खरा ठरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या अंकात चाबकाबद्दल खुलासा द्यावा. त्याच्या हाती सोटा शोभतो. आणि मालिकेत पुढे अमेरिकेचा अंकल सॅम येणार असेल तर त्याच्या करड्या बोटापाशी थांबू नका. 1812 च्या युद्धात सैन्याला मांसाची पिंपं पुरवणाऱ्या सॅम्युएल विल्सनची ट्रॉय गावातली गोष्टही सांगा. अमेरिकी काँग्रेसनं 1961 साली त्यालाच मूळ अंकल सॅम म्हणून मान दिला. तोही दुकानदारच निघाला, बघा.

हे पत्र पाठवण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे सौ.ला वाचून दाखवलं. घरचा जमाखर्च तीच पाहते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासून मला स्वतःची वही बघवत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या दुसऱ्या बायकोचं नाव काय?” मी पुस्तक पुन्हा चाळलं. नुसतं मिसेस बुल. वेगळं नाव नाही. “म्हणजे बिलं वाचली तिनं आणि देश झाला तो,” ती म्हणाली आणि चहा पुन्हा गरम करायला आत गेली. जागेअभावी पत्र कापावं लागलं तर माझं कापा, तिचं हे वाक्य राहू द्या.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक तपासनीस