आवर, सावर आणि मनाला मुरड

सातारा,
रविवार

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. टोरोंटोच्या थंडीत तू मराठी शाळा इतक्या नेटाने चालवतोयस, याचा मला फार अभिमान वाटतो.

‘संयम ठेवणे’ याचे समानार्थी शब्द हवेत, म्हणजे मुलांना ‘जोड्या लावा’ देता येईल, असं तू लिहिलंयस. शब्द पाठवतो, पण त्यांच्या जोड्या लावायला देऊ नकोस, एवढं ऐक. हे शब्द एकाच्या जागी दुसरा बसणारे नाहीत. काय थांबवायचं आहे, यावर मराठीत क्रियापद ठरतं. जीभ आवरायची, अपमान गिळायचा, खर्च वाढला की हात आखडता घ्यायचा. ‘मी हसू आखडतं घेतलं’ असं आपल्यापैकी कोणाच्या तोंडून कधी निघेल का?

सुरुवात ‘आवरणे’पासूनच कर. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने हा शब्द ऐकलेला असणार, कारण आई जगात कुठेही असो, सकाळी ‘आवर लवकर!’ म्हणतेच. तेच क्रियापद पसाऱ्याला, तेच केसांना, तेच रागाला. लांबलेलं भाषणही वक्ता ‘आवरतं’ घेतो. इकडेतिकडे पसरलेलं गोळा करून जागच्या जागी आणायचं, हा अर्थ या सगळ्यांत आहे. म्हणून ‘स्वतःला आवर’ हे मुलांना वेगळं समजावून सांगावंच लागणार नाही.

पण एक बारकावा जरूर शिकव. फळ्यावर दोन वाक्यं लिही : ‘तिने रडू आवरलं नाही’ आणि ‘तिला रडू आवरलं नाही’. पहिल्यात तिने मनावरच घेतलं नाही, रडू दिलं. दुसऱ्यात तिने प्रयत्न केला आणि तो तोकडा पडला. ‘ने’च्या जागी ‘ला’ आला आणि माणसाचा सगळा झगडा वाक्यात उतरला. ‘आजीला नातवंडं आवरत नाहीत’, ‘मला मोह आवरेना’ ही त्याच घरातली वाक्यं. ‘राहवणे’ही तसंच : ‘मला राहवलं नाही’, ‘न राहवून विचारलं’. हे क्रियापद तर नकाराशिवाय क्वचितच भेटतं. मी दिवसभर मुद्रितं तपासतो, आणि हल्ली चांगल्या लेखकांच्या मजकुरातसुद्धा या ‘ने’ आणि ‘ला’ची सरमिसळ दिसते. तिथे मी लेखकाला फोन करून विचारतो, कारण तिने रडू आवरलं नाही की तिला आवरलं नाही, हे पात्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता ‘सावरणे’. संस्कृतात आ-वृ आणि सं-वृ, म्हणजे दोन्ही बहिणी एकाच धातूच्या. तरी स्वभाव वेगळे. जे बाहेर उसळतंय ते आवरायचं आणि जे पडू पाहतंय ते सावरायचं. तोल सावरतात, पदर सावरतात. कोणाच्या घरी माणूस गेलेलं असतं, तेव्हा शेजारच्या काकू पाठीवर हात ठेवून ‘सावर गं स्वतःला’ म्हणतात. तिथे ‘आवर स्वतःला’ म्हटलं तर दटावल्यासारखं होईल. मुलांना हा फरक प्रसंग सांगूनच कळेल, अर्थ पाठ करून नाही.

माझा सगळ्यात लाडका प्रयोग मात्र ‘मनाला मुरड घालणे’. वहिनी दिवाळीत करंज्या करत असतील तर मुलांना तिथे उभं कर. सारण भरून पारी मिटली की कडेचा जरासा भाग चिमटीत धरायचा, अंगठ्याने आत दुमडायचा, मग त्याच्या पुढचा, असं टोकापर्यंत. ही मुरड नीट बसली नाही तर करंजी तेलात उकलते आणि सारण कढईभर होतं. शिवाय ‘मुरडणे’ म्हणजे मागे वळणंही. गौरींना निरोप देताना मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य दाखवतात, तो त्यांनी पुन्हा फिरून यावं म्हणून. निघालेलं मन असंच हाताने धरून वळवायचं. त्यात मनाला दडपणं नाही, मारणं नाही. हवं असलेलं मनात राहतंच, फक्त पाऊल मागे फिरतं. ‘इच्छांचे दमन’ असं कोणी लिहून आणलं की मला म्हणून फार वाईट वाटतं.

वेसण, लगाम, पायबंद हे गोठ्यातले आणि पागेतले शब्द. ते बहुधा दुसऱ्याला घालायचे. ‘आळा’ही तसाच : चोऱ्यांना आळा बसतो, पण ‘मी माझ्या हसण्याला आळा घातला’ कानाला खटकतं. ‘कळ काढ’, ‘दम धर’ हे वाट पाहण्याचे. चातुर्मासाच्या आधी आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी होतात आणि पुढे चार महिने कांदा ‘सोडतात’. त्याला साधं सोडणंच म्हणतात.

‘मूग गिळून बसणे’ मात्र या यादीत घालू नकोस. राग गिळणारा माणूस समोरच्याला सांभाळून घेतो. मूग गिळणारा बोलायला हवं तिथे गप्प राहतो. मुलांनी या दोन गप्प बसण्यांना एकच समजू नये, असं मला मनापासून वाटतं. आपणही दोन्ही पाहिली आहेत.

‘संयम’शी माझं वैर नाही. दंगलीच्या बातमीत ‘नागरिकांनी संयम बाळगावा’ हेच शोभतं. पण ‘त्याने जिभेवर नियंत्रण ठेवले’, ‘तिने अश्रूंवर नियंत्रण मिळवले’ असं रोज छापून यायला लागलं की घरातले शब्द हळूहळू घराबाहेर जातात. तुझी मुलं तिकडे पुस्तकातूनच मराठी शिकणार, म्हणून तर मी इतका आग्रह धरतोय.

अर्थ पडताळायचे तर मोल्सवर्थचा कोश बघ, १८५७ची दुसरी आवृत्ती. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर ठेवलाय. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही, १९३२ ते १९३८मधले सातही खंड, तिथेच आहे. पण त्याआधी मुलांना एक काम दे. गावाकडच्या आजी-आजोबांना फोन करून विचारायचं : राग आला आणि बोलला नाहीत, तर त्याला तुम्ही काय म्हणता? कोकणातलं, खानदेशातलं, वऱ्हाडातलं, जे येईल ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायला सांग आणि मला त्या पानांचे फोटो पाठव. मी वाट बघतोय.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
विनय