मोबाइल आहेच, तरी कॅमेरा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातली अडगळ कमी करण्याविषयी लेख आला होता. बिघडलेले चार्जर, गाण्यांच्या सीड्या, टेपरेकॉर्डर यांच्या रांगेत लेखकाने हातात मावणारे व्हिडिओ कॅमेरेही बसवले आणि ‘मोबाइल आल्यावर यांचं काम संपलं’ असं लिहून टाकलं. बाकीच्या यादीबद्दल माझं काही म्हणणं नाही. कॅमेऱ्याबद्दल आहे, कारण घरात दोन मोबाइल असताना मी गेल्या वर्षी असा कॅमेरा पैसे मोजून घेतला.

मी अमळनेरला शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस आणि साड्यांना पिको-फॉल. साध्या मशीनला वेगळा भाग जोडून पिको होतो, हे शिकाऊ मुलीलाही ठाऊक असतं. पण ज्या दुकानात रोज साड्यांचा ढीग येतो तिथे पिकोचं मशीन वेगळंच ठेवतात, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. कॅमेऱ्याचं मात्र घरी ऐकून घ्यावं लागलं. जळगावच्या दुकानदारानेसुद्धा आधी मोबाइलच दाखवले. मग मागच्या फडताळातून एक खोका काढला, धूळ पुसली आणि म्हणाला, “ताई, हे आता कोणी मागत नाही.” मधल्या किमतीच्या मोबाइलएवढे पैसे गेले.

मला तो हवा होता आमच्या बायकांच्या गाण्यांसाठी. कानबाईची गाणी, आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी, हळदीच्या वेळची, घाण्याची. सगळी अहिराणीत. माझ्या सासूबाईंच्या आणि मावशीच्या पिढीला ती तोंडपाठ आहेत. माझ्या पिढीला धृपद येतं, पुढचं कोणीतरी म्हणेल म्हणून आम्ही टाळ्या वाजवतो. माझ्या मुलीला धृपदही येत नाही. तेव्हा जे आहे ते धरून ठेवायचं, एवढंच मनात होतं.

आता कानबाईची रात्र कशी असते ते खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ घालून, दागिन्यांनी नटवून देवी मांडतात. रोटाचं दळण आधीच झालेलं असतं, गंगाफळाची भाजी, खीर, पुरणपोळी असा नैवेद्य असतो आणि भाऊबंदकी सगळी एका घरात जमते. वर्षभर एकमेकांशी न बोलणारेही येतात. रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. त्या रात्री गाणं एकदा सुरू झालं की बाया थांबत नाहीत. एक दमली की दुसरी उचलते, मध्येच कोणाला तरी विसरलेलं कडवं आठवतं आणि दोन गाणी मागे जाऊन ते पुन्हा घेतलं जातं. खरा माल तिथेच असतो. पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेऊन तो हाती लागत नाही.

आधीच्या वर्षी मोबाइलवरच घेतलं होतं. मुलाचा मोबाइल, नवा, चांगला. ऐन रंगात सुरतेहून दिराचा फोन आला. मुलाने घाईने कट केला तर रेकॉर्डिंगच बंद पडलं, आणि ते बंद आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे लग्नांच्या फोटोंनी आणि सकाळच्या शुभेच्छांनी भरलेल्या मोबाइलमध्ये जागा संपली. त्यानंतर चार्जिंगला लावायला तो उचलूनच नेला. मोबाइलचं चित्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही, चित्र सुरेख होतं. पण त्या मोबाइलला त्या रात्री आणखी दहा कामं होती.

कॅमेऱ्याला एकच काम आहे. त्याचं गणितही सरळ आहे. फुल एचडीच्या चांगल्या दर्जात, म्हणजे सेकंदाला २४ मेगाबिटने घेतलं तर तासाला साधारण ११ जीबी लागतात. ६४ जीबीच्या एका कार्डावर पाच-साडेपाच तास मावतात. फोर-के निवडलं तर अडीच ते चारपट जागा जाते, आणि बसून गाणाऱ्या बायांसाठी त्याची गरज मला तरी वाटली नाही. बॅटरी निघते, दुसरी भरलेली बसते. बहुतेक मोबाइलची बॅटरी आता निघतच नाही. एक खोच मात्र आहे. माझ्या कॅमेऱ्यात फाइल चार जीबीला तुटते, म्हणजे वीस-बावीस मिनिटांनी नवी सुरू होते. कार्डावरून नुसत्या ओढून घेतल्या तर सांध्यावर एखादा शब्द गळतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून उतरवल्या तर सलग जोडल्या जातात. दुकानात हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

झूमबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र मोठं करतो तेव्हा ठराविक मर्यादेपलीकडे तो आहे त्याच चित्राचा मधला भाग कापून ताणतो. महागड्या मोबाइलमध्ये लांबच्यासाठी वेगळी भिंग असते, तीन किंवा पाचपट जवळ आणणारी. हातातल्या कॅमेऱ्यात आतली काच खरोखर पुढेमागे सरकते, त्यामुळे माझ्या साध्या कॅमेऱ्यातही वीसपट झूम चित्र न फाटता मिळतो. आणि अंगठ्याखालची पट्टी हळू दाबली की हळू, जोरात दाबली की भराभर. याचा उपयोग काय? कानबाईसमोरची जागा ओलांडून मला आत जावं लागत नाही. मी उंबऱ्याजवळ स्टँड लावते आणि तिथून मावशीचे ओठ दिसतात. ओठ दिसणं गरजेचं आहे. अहिराणी लिहिताना नुसत्या आवाजावरून कित्येक शब्द चुकतात, विशेषतः दात पडलेल्या माणसाचे. पूर्ण झूमवर हात जरा हलला तरी सगळं चित्र हलतं, तेव्हा स्टँडशिवाय हे जमायचं नाही.

आवाजासाठी मी दुकानात एकच अट घातली होती: माईकची पिन लावायला जागा हवी. सगळ्या छोट्या कॅमेऱ्यांत ती नसते, घेणाऱ्याने आधी बघून घ्यावं. लांब वायरचा साधा माईक बायांच्या मध्ये पाटावर ठेवायचा, कॅमेरा दूर. टाळ्यांच्या वर शब्द ऐकू येतात ते यामुळे.

आखाजीची गोष्ट वेगळी. तेव्हा भर वैशाखाचं ऊन. आमच्याकडे पारा ४३-४४ ला जातो, भुसावळकर तर त्याहून पुढचे आकडे अभिमानाने सांगतात. सासरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, आणि अशा दुपारी मोबाइल उंच धरून उभं राहिलं की थोड्या वेळात स्क्रीनवर तापल्याची सूचना येते आणि कॅमेरा बंद. इथे मी कॅमेऱ्याची खोटी वकिली करणार नाही. आयफोन बनवणारे ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतात, माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ४० लिहिलंय. म्हणजे खानदेशचा उन्हाळा दोघांच्याही हिशोबात नाही. फरक इतका की मोबाइलमध्ये मोठा उजळ पडदा, नेटवर्क, मागे चालू असलेली ॲप्स असं सगळं एका बंद काचेच्या डबीत तापत असतं. कॅमेऱ्याचा पडदा लहान, बाकी उद्योग नाहीत. छत्रीची सावली धरली की तो चालतो. ओलं फडकं गुंडाळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पाणी आत गेलं की खेळ आटोपला.

मोबाइल कुठे सरस आहे तेही सांगते. अंधारात. छोट्या कॅमेऱ्यातली चिप लहान असते, आणि झूम वाढवावा तसा आत येणारा उजेडही कमी होतो. समईच्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याचं चित्र दाणेदार येतं, मुलाचा मोबाइल तेच चित्र आतल्या आत गणितं करून उजळ दाखवतो. म्हणून मी एक दिवा भिंतीकडे तोंड करून लावते, उजेड परतून पसरतो आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर येत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात मात्र बाजू उलटते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, आणि ट्यूब त्या तालावर लुकलुकत असते. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रं घेतो, दोघांचा मेळ बसत नाही आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडे विकला जाणारा कॅमेरा २५ किंवा ५० वर चालतो, पट्टे येत नाहीत. काही मोबाइलमध्येही २५ निवडता येतं, पण सेटिंगमध्ये जाऊन शोधतो कोण?

आणि पुण्याच्या मुलीला त्याच क्षणी आजी गाताना दाखवायची असेल तर मोबाइलच काढावा. त्यात वाद नाही.

सगळ्यात जास्त फरक मला बायांच्या वागण्यात दिसला. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गावात ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा व्यासपीठापेक्षा पुढच्यांच्या हातातले मोबाइलच जास्त दिसत होते. मोबाइल वर झाला की लोकांना कळतं, हे आता कुठेतरी जाणार. तरुण सुना पदर सारखा करतात, रीलसाठी हसतात. म्हाताऱ्या गप्प होतात. कॅमेरा स्टँडवर उभा केला तेव्हा मावशीने आधी विचारलं, “हाई काय शे व पोरी?” मी आतलं चित्र दाखवलं. तिने निरखून पाहिलं, स्वतःचीच नथ नीट केली आणि बजावलं, “मोबाइलमा नको टाकजो.” नाही टाकलं. हळदीच्या गाण्यांत व्याह्यांना दिलेल्या शिव्या आहेत, त्या गावभर फिरायला नकोत हे तिचं म्हणणं मला रास्त वाटतं. कार्डावरचं कार्डावरून कॉम्प्युटरवर जातं, तिथून एका वेगळ्या डिस्कवर, आणि कोणाला द्यायचं ते गाणारी ठरवते. मोबाइलवर घेतलेलं एकदा घरच्या ग्रुपवर पडलं की ठरवायला काही उरत नाही. शिवाय तिथे ते इतकं दाबून जातं की बारकावे आधीच मेलेले असतात.

आता मूळ लेखातल्या सल्ल्याकडे येते, कारण तो धोक्याचा आहे. १९८५ मध्ये सोनीचा पहिला हँडीकॅम आला, आणि पुढे आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला हँडीकॅमच म्हणायची सवय लागली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर खानदेशातल्या कितीतरी घरांत आखाती देशांतून आलेल्या भावाने किंवा मुंबईच्या काकाने असा कॅमेरा आणला. तो आज माळ्यावर आहे, शेजारी कॅसेटींचा डबा आहे. कॅमेरा भंगारात दिलात तर त्या कॅसेटी वाजवायच्या कशावर? हाय-एट आणि मिनी-डीव्ही या त्या कॅमेऱ्यांच्या कॅसेटींच्या दोन वेगळ्या जाती: हाय-एटची कॅसेट मिनी-डीव्हीच्या कॅमेऱ्यात बसत नाही, मिनी-डीव्हीची हाय-एटच्या कॅमेऱ्यात बसत नाही. मोठ्या व्हीएचएस कॅसेटीचे व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी, तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. नवं यंत्र येणार नाही. घरातलं चालू यंत्र हीच त्या कॅसेटींची किल्ली आहे.

उतरवून घेण्याला घाईचा मार्ग नाही. एका तासाच्या कॅसेटीला एक तासच लागतो. मिनी-डीव्ही असेल तर फायरवायरची वायर लागते आणि नव्या लॅपटॉपला तिचं भोकच नसतं, तेव्हा एखादा जुना कॉम्प्युटर शोधावा लागतो. तोवर कॅसेटी पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावरून खाली आणा. उन्हाळ्यात तिथली हवा भट्टीची असते आणि पावसाळ्यात दमट, टेपेला दोन्ही मानवत नाही. कपाटात, उभ्या, टेप सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून ठेवा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, कॅमेऱ्याचं डोकंही (टेप वाचणारं हेड) खराब होईल.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांत जुन्या कॅसेटी उतरवून देणारे कोण-कोण उरले आहेत, आणि कोणाकडे चालू स्थितीतले कॅमेरे आहेत, अशी माहिती वाचकांकडून मागवून छापावी. मिनी-डीव्हीची सोय माझ्याकडे झाली आहे, माझ्या ओळखीच्यांच्या कॅसेटी मी उतरवून देतेच. अडलंय ते हाय-एटपाशी. माझ्या मावसभावाकडे नव्वदच्या दशकातल्या एका आखाजीच्या हाय-एट कॅसेटी आहेत. त्यात आजी गाते असं तो म्हणतो, पण कॅमेरा त्याने कधीच मोडीत दिला. हाय-एट चालवणारा कॅमेरा कोणाकडे असेल तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं. दोन दिवसांसाठी हवा आहे. मी स्वतः येऊन नेईन आणि स्वतः आणून देईन.

आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव