बाळ काचेतून घरी आल्यावर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला बाळंतविड्यावरचा लेख आवडला. टोपडी, दुपटी, मोहरीची उशी, जुन्या लुगड्याची गोधडी. वाचताना आईच्या हातचे टाके आठवले. पण नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी ३१ वर्षं परिचारिका होते. हे सगळं पाळण्यातल्या बाळाच्या अंगावर चढलेलं डोळ्यांपुढे आलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते.

मागच्या एप्रिलमध्ये ओळखीच्या घरी बारशाला गेले होते. बाळ सात आठवडे आधी जन्मलेलं, महिनाभर काचेत राहून घरी आलेलं. पाळण्यात पालथं झोपलं होतं. डोक्याला टोपडं, पायात मोजे, वर दुहेरी गोधडी. मानेशी बोट लावलं तर घामाने चिंब. मी त्याला उताणं करायला गेले तशी आजी म्हणाल्या, "अहो सिस्टर, काचेत होतं तेव्हा पालथंच ठेवायचे की. त्याला तीच सवय आहे."

आजींचं काही चुकलं नव्हतं. कमी दिवसांच्या बाळाची छाती मऊ असते, पालथं ठेवलं की त्याला श्वास घेणं सोपं जातं. पण तिथे बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारी तार असते, श्वास थांबला की यंत्र वाजतं, सिस्टर धावते. घरच्या पाळण्याला तार नसते. एवढं एक वाक्य घरी सोडताना सांगायचं राहून जातं आणि तो दोष आम्हा परिचारिकांचा.

हीच गल्लत पाश्चात्त्य देशांत फार मोठ्या प्रमाणावर झाली. धडधाकट बाळांनाही पालथं झोपवा, असं तिथे डॉक्टरच सांगत. रात्री दूध पिऊन झोपलेली बाळं सकाळी पाळण्यात मृत आढळत, शवविच्छेदनात कारण सापडत नसे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ पीटर फ्लेमिंग तान्ह्या बाळांचा श्वास, झोप आणि अंगाची ऊब यांचा अभ्यास करत. बाळ कसं झोपवलं होतं, अंगावर काय काय होतं, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी अशा आईवडिलांना विचारलं आणि त्याच भागातल्या सुखरूप बाळांशी ताडून पाहिलं. १९९० साली निष्कर्ष छापून आले: पालथ्या झोपणाऱ्या बाळांना धोका सुमारे नऊपट. जड पांघरुणाने तो आणखी वाढत होता. पुढच्याच वर्षी टीव्ही निवेदिका ॲन डायमंड यांचा चार महिन्यांचा मुलगा असाच गेला. त्यांनी आवाज उठवला, वर्षअखेरीस बाळांना उताणं झोपवण्याची सरकारी मोहीम निघाली आणि थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ना औषध लागलं, ना यंत्र.

२००५ मध्ये संशोधक रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पालथं झोपवणं धोक्याचं असल्याचा पुरावा १९७० पासूनच हाताशी होता. तो तेव्हाच नीट पाहिला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर बाळं वाचली असती. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला.

पालथ्या बाळाचं नाक गादीत रुतलं की स्वतःचाच सोडलेला श्वास ते परत ओढतं. एरवी ते दचकून जागं होतं, मान वळवतं; पालथं, उबेत गाढ झोपलेलं बाळ तितक्या सहज जागं होत नाही. उताणं झोपवलं तर दूध घशात अडकेल, ही भीती मला दर आजीकडून ऐकायला मिळाली. उलट उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, वर आलेलं दूध खालीच राहतं. टोपड्याचं म्हणाल, तर अगदी कमी वजनाच्या बाळाला ते डॉक्टर सांगतील तितके दिवस हवंच. नंतर मात्र झोपताना काढावं. उशी नको, मोहरीचीही नको.

झोपेत तान्हं बाळ पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतं, त्याला घाबरू नये. पण वीस सेकंद श्वास थांबला, ओठ निळे पडले किंवा शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास मोजले, तर तडक दवाखाना गाठावा. मोजायचे ते पूर्ण मिनिटभर.

एक विनंती आहे. त्या लेखासोबत छापलेल्या फोटोतलं बाळ पालथं झोपलं होतं, गालाखाली उशी घेऊन. फोटो गोड होता. पुढच्या वेळी मात्र उताण्या बाळाचा छापावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा