पासोडी नको, भिंत लिही : पेंटर काकांना उघडं पत्र

आदरणीय पेंटर काका,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय त्याला कारण तुम्हीच. घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणता आणि विषय मोडता. तीनदा मोडलात. कागदावर चहा मध्ये येत नाही.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. अंबाजोगाईहून केजकडे जाताना दिसणाऱ्या निम्म्या भिंती एकेकाळी यांच्या हातच्या होत्या. खताच्या जाहिराती, पोलिओ डोसाच्या तारखा, शाळेच्या कंपाउंडवरचे सुविचार, रसवंतीच्या पाट्या. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम आटलं. आता दुकान पुतण्या बघतो आणि काका मागच्या खोलीत कधी ट्रकचं नाव, कधी मंदिरातल्या देणगीदारांची पाटी रंगवतात. पीपीटी हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. तरी मला पीपीटी करायला शिकवलं ते त्यांनीच.

काका, त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी काय झालं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. फक्त "गेलं पाण्यात" एवढं म्हणाले होते. आज सांगते. आमच्या शेतकरी कंपनीला सोयाबीनच्या बियाण्यासाठी ग्रेडिंग मशीन आणि स्पायरल सेपरेटर (गोल, चांगले दाणे घरंगळवून बाकीच्यांपासून वेगळे करणारं यंत्र) घ्यायचा होता, त्याच्या कर्जासाठी एका बँकेत सादरीकरण होतं. मी ३८ स्लाइड केल्या होत्या. कंपनीची स्थापना, संचालकांचे फोटो, ध्येय, उद्दिष्टं, तालुक्याचा नकाशा, पावसाचे आकडे, मग पुन्हा उद्दिष्टं. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं. पेनड्राइव्ह त्यांच्या कॉम्प्युटरला लावला आणि निम्मं मराठी गायब! मी जुन्या फॉन्टात टाइप केलं होतं, तो फॉन्ट तिथं नव्हता, त्यामुळे "बीजप्रक्रिया"च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हांचा काला. ज्या स्लाइड शाबूत होत्या त्या मी पडद्याकडे तोंड करून वाचून दाखवल्या. बाविसाव्या स्लाइडला साहेबांनी थांबवलं. "मॅडम, तुम्हाला नक्की किती पाहिजेत?" आकडा चौतिसाव्या स्लाइडवर होता. मी बाणाचं बटण दाबत दाबत तिथवर गेले आणि खोलीतले सहा जण तो माझा प्रवास बघत बसले.

दोन दिवसांनी वार्षिक सभेचा फ्लेक्स करायला तुमच्या दुकानात आले होते. लॅपटॉप उघडा होता. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "काय ग माय, पासोडी करायलीस का?"

मला आधी ते कौतुक वाटलं. अंबाजोगाईच्या माणसाला दासोपंतांची पासोडी सांगावी लागत नाही, बाहेरच्यांना सांगते. सोळाव्या शतकातल्या या संतकवीने पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचा, अवघा विषय एका कापडावर लिहून काढला. लांबी चाळीसेक फूट, रुंदी चारेक फूट, आणि त्यावर ओव्यांसोबत आकृत्यासुद्धा. ते कापड आजही आमच्या गावात आहे. कुणी माझ्या कामाला पासोडी म्हणालं तर मान ताठ होणारच.

तुम्ही ती लगेच खाली आणलीत. "पासोडी जवळ बसून वाचायची असती. बोट ठेवून, दिवस दिवस. एसटीतनं जाणाऱ्या माणसासाठी नाही लिव्हली ती. तुझा साहेब एसटीत बसलाय का पासोडीपुढं बसलाय?"

साहेब एसटीतच बसले होते. त्या दिवशी त्यांच्यापुढे माझ्यासारखे आणखी पाच जण होते.

या एका प्रश्नाने माझं काम दोन भागांत फुटलं, आणि मला वाटतं सगळं त्यातच होतं. बघायचं ते वेगळं, वाचायचं ते वेगळं. ३८ स्लाइडमधला मजकूर खोटा नव्हता, फालतूही नव्हता, पण तो हातात घेऊन वाचायचा होता. त्याचं मी चार पानांचं टिपण केलं, पावसाचे आकडे, ताळेबंद, सभासदांची यादी सगळं त्यात घातलं आणि बोलून झाल्यावर वाटलं. आधी वाटलं तर माणसं मान खाली घालून वाचत बसतात, हे कळायला एक खेप वाया गेली. पडद्यावर राहिली ती भिंत.

भिंत कशी लिहायची ते तुम्ही लग्नपत्रिकांवर शिकवलंत. दुकानात चुकीच्या छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पडला होता, त्या मधोमध कापून मागच्या कोऱ्या बाजूवर एकेका स्लाइडचं म्हणणं एका वाक्यात लिहायला लावलंत. शीर्षक नाही, वाक्य. मी लिहिलं, "उगवणक्षमता : एक दृष्टिक्षेप". तुम्ही विचारलंत, "म्हणजे काय करू मी?" मी पुन्हा लिहिलं, "घरचं बियाणं तपासल्याशिवाय पेरू नका, दुबार पेरणी येते." ते कार्ड राहिलं. "आमची वाटचाल"वर वाक्य काही केल्या सुचेना. "मग नाहीच ते," म्हणालात आणि कार्ड रंगाच्या डब्याखाली सरकवलंत. ३८ ची ९ झाली. खरं सांगते, मला रडू येत होतं. संचालकांचे फोटो काढायला मी पाच गावं फिरले होते.

मग ती नऊ कार्डं फरशीवर मांडली आणि पुढचा अर्धा तास तुम्ही मला क्रमच लावू दिला नाहीत. "कोणापुढं मांडायचंय?" मी म्हणलं, बँकेपुढं आणि गावातपण. "मग दोन भिंती हायत."

हे मला कुठल्याच कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. बँकेसाठी पहिलं कार्ड मागणीचं: किती रक्कम, कशासाठी, किती वर्षांत फेड. त्यानंतर फेड कशातून होणार, मग जोखीम काय, आणि सोयाबीनची कहाणी सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. साहेबांना उत्तर आधी लागतं, कारणं ते स्वतः विचारून घेतात. गावात नेमकं उलट. तिथं मशीनची किंमत पहिल्या स्लाइडला आली असती तर मागच्या रांगेतून "कमिशन किती?" एवढंच ऐकू आलं असतं. गावासाठी सुरुवात त्यांच्याच शिवारातून: २०२० चा खरीप. त्या वर्षी मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींवर तक्रारी झाल्या. ज्याची दुबार पेरणी झाली त्याला काही पटवून द्यावं लागत नाही. तिथून बियाण्याचं टरफल किती पातळ असतं, पोतं आपटलं की आतला अंकुर कसा मरतो, घरच्या घरी तपासायचं कसं, आणि शेवटी मशीन. कार्डं तीच नऊ. एक ओळ वरून खाली, दुसरी जवळजवळ खालून वर.

अक्षरांचं तर तुम्ही मला वेडच लावलंत. "दहा फुटाला एक इंच" हा तुमचा पाटीचा हिशेब. लॅपटॉप गल्ल्यावर ठेवून मला रस्त्यापलीकडच्या पानटपरीपाशी उभं केलंत आणि म्हणालात, वाच. टपरीवाल्यालाच विचारलंत, वाचता येतंय का रे? नव्हतं येत. पुढे कुठेतरी गाय कावासाकी या अमेरिकन लेखकाचा सादरीकरणासाठीचा १०-२०-३० नियम वाचला: १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. नियम चांगला आहे, पण तो इंग्रजी अक्षराचा. आपलं अक्षर त्याच मापात बारीक दिसतं, कारण उंचीतली बरीच जागा मात्रा आणि उकार खातात. तयार टेम्प्लेटमध्ये ओळी इतक्या चिकटून असतात की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात जाऊन अडकते. ते पाहून तुम्ही म्हणालात, "वर रफार, खाली उकार, त्यांना काय फाशी द्यायची का?" तेव्हापासून मी ओळींतलं अंतर पहिल्यांदा वाढवते, मग बाकीचं. तिरकी अक्षरंही सोडली. इंग्रजीत ती शोभतात, देवनागरीत भिंतीला पोचा आल्यासारखी दिसतात. (फॉन्ट आता युनिकोडच, आणि पेनड्राइव्हमध्ये पीडीएफ वेगळी. हे तुमच्या पुतण्याने सांगितलं, त्याचेही आभार.)

रंगाचं तुम्ही एका वाक्यात आटपलंत: रेल्वे स्टेशनच्या नावाची पाटी पिवळ्यावर काळी कामून असती, बघ. ट्यूबलाइटच्या खोलीत माझी निळ्यावरची लाल अक्षरं कुणालाच दिसली नव्हती. आता उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळं, गावात रात्री काळ्यावर पिवळं. आलेखात सात वर्षांचे सात खांब सात रंगांत होते. "मी कोणता बघू?" म्हणालात. सहा राखाडी केले, एक हिरवा ठेवला.

एका बाबतीत मात्र आपलं जमत नाही, काका. सावलीची अक्षरं. तुम्हाला प्रत्येक शीर्षकाला खाली काळी सावली पाहिजे. भिंतीवर ती देखणी दिसत असेल, प्रोजेक्टरवर अक्षर सुजल्यासारखं दिसतं. मी देणार नाही.

शेवटच्या ओळीबद्दलही सांगायचं होतं. तुम्ही म्हणता, नवशिका पेंटर ओळखायचा कसा, तर ओळीच्या टोकाला त्याची अक्षरं कोंबलेली असतात. मोजून सुरुवात केलेली नसते. नासाच्या कोलंबिया अवकाशयानाबद्दल वाचताना मला तेच आठवलं. १ फेब्रुवारी २००३ ला ते यान परतताना फुटलं, आपल्या कल्पना चावला त्यात गेल्या. उड्डाणाच्या वेळीच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच इंजिनिअरांनी अधिकाऱ्यांना त्या नुकसानीबद्दल स्लाइड दाखवल्या होत्या, आणि चौकशी मंडळाने अहवालात त्यातल्या एका स्लाइडच्या मांडणीवरच बोट ठेवलं. शीर्षक धीर देणारं. आणि चाचणीतला फोमचा तुकडा ३ घन इंचांचा होता तर इथला १,९२० घन इंचांचा, हे पार तळाच्या ओळीत, बारीक अक्षरात. तुम्हाला हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ ब्रश धूत राहिलात. मग म्हणालात, "तीच ओळ वर पाहिजे होती."

गावातल्या कार्यक्रमाला तुम्ही आला नाहीत, गुडघा दुखत होता. ऐका. मारुतीच्या सभामंडपात धोतर बांधून पडदा केला होता. चौथी स्लाइड म्हणजे फक्त एक फोटो: ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत मांडलेले १०० दाणे, त्यातले उगवलेले ५८. वर एकच वाक्य, "१०० पैकी ७० उगवले तरच पेरा." पूर्वी इथं माझा सोळा रकान्यांचा तक्ता होता. फोटो लागला तशी मागची माणसं उठून पुढे आली आणि ओळी मोजायला लागली. एक आजोबा म्हणाले, "ही तिसरी ओळ बघा, सगळी वांझ गेलीय." मी गप्प राहिले. मला गप्प राहता येतं हेही त्या दिवशी कळलं.

आणि मग लाइट गेली.

तुम्ही विचारलं होतंत ना, लाइट गेली तर काय सांगशील? मी तेव्हा हसले होते. पण खरं गोणपाट सोबत नेलं होतं. मोबाइलच्या टॉर्चमध्ये ते उलगडलं आणि पुढची पंचवीस मिनिटं कुणालाच धोतराची आठवण झाली नाही. लाइट आल्यावर मी कीबोर्डवरचं बी दाबलं, त्याने पडदा काळा होतो, आणि तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा घरांनी गोणपाट भिजवलं, मी स्वतः मोजली.

बँकेचं कर्जही नंतर झालं. ते स्लाइडमुळे झालं असं मी म्हणणार नाही, कागदपत्रांच्या चार चकरा झाल्या आणि एका संचालकाचा सातबारा महिनाभर अडला. पण दुसऱ्या खेपेला साहेबांनी "किती पाहिजेत" हे विचारलं नाही. थेट विचारलं, "पाऊस नाही पडला तर हप्ता कुठून?" त्याचं कार्ड माझ्याकडे तिसऱ्या नंबरला होतं.

पुढच्या महिन्यात परभणीला बियाण्याच्याच विषयावर बोलायचंय, समोर बाकीच्या शेतकरी कंपन्यांची माणसं असतील. ही तिसरी भिंत. आठ कार्डं झालीत, सातव्यावर अजून एका वाक्यात बसत नाहीये. रविवारी दुपारी घेऊन येते. काकूंना सांगा, चहात साखर कमी.

आपली,
पासोडीवाली