मांडीत चमक भरली, तर मालिश नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस भरतीच्या तयारीविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्यातील बहुतेक मजकूर लेखी परीक्षेचा असतो. शिपाईपदाची 50 गुणांची शारीरिक चाचणी आधी पार करावी लागते. त्यात मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्यासाठी 20 गुण, तर 100 मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी 15 गुण असतात. यांपैकी 100 मीटरचा सराव करताना मांडीच्या मागच्या बाजूला होणारी किरकोळ दुखापत हा या पत्राचा विषय आहे. कारण ती किरकोळ राहत नाही, आणि मैदानावरचे उपचारच तिला मोठी करतात, असे माझे क्रीडाशिक्षक म्हणून निरीक्षण आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या मैदानावर सराव करणाऱ्या एका मुलीने शेवटच्या तीस मीटरमध्ये अचानक मांडी धरली. लंगडत का होईना, तिला चालता येत होते. म्हणजे स्नायूचे थोडेच तंतू दुखावले असावेत. सोबतच्या मुलांनी प्रेमापोटीच तिला आडवे केले, पाय सरळ वर उचलून ताणला, वेदनाशामक बाम जोराने चोळला आणि घरी गेल्यावर गरम पाण्याने शेकायला सांगितले. तिसऱ्या दिवशी ती गोळी घेऊन पुन्हा वेगात धावली. या वेळी मांडीवर गुडघ्यापर्यंत काळेनिळे उतरले आणि चाचणीची तारीख येऊन गेली तेव्हा ती अजून जिन्याचा कठडा धरूनच चढत होती.

हॅमस्ट्रिंग म्हणजे बैठकीच्या हाडापासून मांडीच्या मागून गुडघ्याच्या खालपर्यंत जाणारे तीन स्नायू. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो आणि पाऊल टेकण्याच्या किंचित आधी गुडघा सरळ होत असतो, त्या क्षणी हे स्नायू लांबत असतानाच पायाला आवरत असतात. धावपटूंची बहुतेक हॅमस्ट्रिंग तेथेच दुखावते. थकलेल्या स्नायूला हे आवरणे जड जाते. तरीही आपल्याकडे आधी घड्याळ लावून 1600 मीटर आणि त्यानंतर, पाय जड झालेले असताना, 100 मीटरच्या फेऱ्या, असाच क्रम सर्रास दिसतो. वेगाचे काम चांगल्या वॉर्मअपनंतर, अंग ताजे असतानाच करावे, हे अकॅडमी चालवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे वाटत नाही. एका सकाळी सगळे उरकण्याची घाई तेवढी आड येते.

दुखापतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मालिश, शेक आणि ताणून पाहणे टाळावे, कारण आत रक्तस्राव चालू असतो आणि या तिन्हींमुळे तो व सूज वाढू शकते. बर्फाबाबत मात्र मी आग्रह धरणार नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र 1978 मध्ये मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच 2014 मध्ये बर्फामुळे भरून येण्यास उशीर होऊ शकतो असे लिहिले. वेदना कमी करण्यासाठी कापडात गुंडाळून दहा मिनिटे लावण्यास हरकत नाही, पण बर्फ लावला म्हणून पुन्हा धावायला मोकळे झालो, असे नव्हे. दुखापत होताना ‘टक्’ असा आवाज झाला, पाय टेकवत नसेल किंवा मांडी काळीनिळी पडली, तर थेट डॉक्टरांकडे जावे.

परतण्याची घाई हे दुसरे दुखणे आहे. सौम्य दुखापत साधारणपणे एक ते तीन आठवड्यांत भरते, परंतु एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मुलांना कोणी सांगत नाही. आधी न दुखता चालणे, मग हळू धावणे, मग निम्म्या वेगाने, आणि पोटावर झोपून कोणी टाच धरली असता गुडघा दुसऱ्या पायाइतक्याच जोराने दुमडता आला, की त्यानंतरच वेग पूर्णापर्यंत वाढवत न्यावा. गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना अंग सावकाश पुढे झुकवत नेण्याचा एक व्यायाम आहे. फुटबॉलपटूंच्या अभ्यासांत त्याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले. त्याला साहित्य लागत नाही, सतरंजी पुरते.

जिल्हा क्रीडा संकुलांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की, भरतीच्या हंगामात सकाळच्या वेळी प्रथमोपचार जाणणारी एक व्यक्ती आणि थोडा बर्फ मैदानावर असावा, तसेच वरील सूचना मराठीत लिहिलेला एक फलक ट्रॅकशेजारी लावावा. सरावासाठी मासिक शुल्क घेणाऱ्या अकॅडमींना तर हे बंधनकारकच करावे. पुढील जाहिरात निघण्याआधी ही सोय झाली, तर तिचा उपयोग होईल. चाचणीच्या आदल्या आठवड्यात लावलेला फलक कोणी वाचत नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक