‘थर्ड पार्टी’ म्हणून हिणवू नका

महोदय,

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायच्या खेळासाठी मूळ कंपनीखेरीज इतर प्रकाशकांनी काढलेली (‘थर्ड पार्टी’) पुस्तकं म्हणजे सरसकट भेसळ, हे मला पटत नाही. खेळाचे मूळ नियम इतरांना वापरू देणाऱ्या २००० सालच्या खुल्या परवान्यामुळे ती धडाधड निघू लागली. जानेवारी २०२३मध्ये मूळ कंपनीनं तो परवाना मोडीत काढायचा घाट घातला, तेव्हा खेळाडूच खवळले आणि मूळ नियमांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली मोकळा झाला.

मात्र खेळवणाऱ्यानं, म्हणजे गोष्ट सांगून राक्षस हाताळणाऱ्यानं, पुस्तक आधी वाचावं. मी न वाचताच एक राक्षस पटावर आणला. पहिल्याच फेरीत खेळाडूंच्या चार पात्रांपैकी तीन आडवी! (चौथी दाराआड लपली होती, म्हणून वाचली.) छपाईची चूक: राक्षसाच्या हल्ल्यातली इजा ठरवायला ८ऐवजी १८ फासे. आता पेन्सिल घेऊनच वाचायला बसतो.

– दर शनिवारी खेळ चालवणारा एक वाचक